जपानी सुतारकाम शिकण्यासाठी जपानला जाताना

जपानच्या पारंपरिक सुतारकामाविषयी या सदराकडे आलेल्या पत्रांतील निवडक प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. बहुतेक पत्रलेखकांना तेथे राहून विद्यार्थी म्हणून शिकायचे आहे, त्यामुळे उत्तरेही त्याच अंगाने दिली आहेत.

प्रश्न: मी वास्तुकलेची पदवीधर आहे. जपानमधील लाकडी मंदिरे बांधणाऱ्या कारागिरांकडे शिकावे, असे फार दिवसांपासून मनात आहे. थेट एखाद्या कारागिराकडे शिष्य म्हणून जाण्याचा प्रयत्न करावा, की आधी शाळेत प्रवेश घ्यावा?

उत्तर: माझे मत स्पष्ट आहे: आधी शाळेत जावे. मात्र त्याहीआधी एक गोष्ट ठरवावी लागेल. आपण ज्याला सरसकट जपानी सुतारकाम म्हणतो, ते तेथे अनेक स्वतंत्र व्यवसायांत विभागलेले आहे. मंदिरे आणि देवस्थाने बांधणारे ते मियादाइकु, चहाच्या समारंभाच्या खोल्या आणि त्या धाटणीची घरे बांधणारे ते सुकिया-दाइकु, सरकत्या दारांचे व शोजीचे, म्हणजे कागद लावलेल्या लाकडी चौकटींच्या पडद्यांचे, काम करणारे ते तातेगुशी, आणि खिळ्यांशिवाय सांधे जुळवून पेट्या, कपाटे, मेजे घडवणारे ते साशिमोनोशी. हत्यारे बरीचशी सारखी असली तरी रोजचे काम अगदी वेगळे असते. मियादाइकु दोन माणसांनाही न उचलणाऱ्या तुळया हाताळतो, तर साशिमोनोशीचे आयुष्य बोटभर जाडीच्या फळ्यांत जाते. परदेशी विद्यार्थ्याला साशिमोनो किंवा तातेगुचे शिक्षण त्या मानाने लवकर पदरात पडते, कारण एक वस्तू आरंभापासून शेवटापर्यंत एकट्याने करता येते. मंदिराच्या कामात तशी संधी मिळायला अनेक वर्षे जातात.

तुमचे मन मंदिरांकडेच असेल, तर ओगावा मित्सुओ यांची हकीकत माहीत असणे उपयोगाचे आहे. नारा परिसरातील होर्यू-जी हे सातव्या शतकातील मंदिर जगातील सर्वांत जुन्या लाकडी इमारतींपैकी एक आहे. तेथील पाच मजली मनोरा ओगावांनी शाळेच्या सहलीत पाहिला आणि अठराव्या वर्षी ते मंदिराचे मुख्य सुतार निशिओका त्सुनेकाझु (१९०८–१९९५) यांच्याकडे शिष्यत्व मागायला गेले. त्या वेळी हाती काम नसल्याने त्यांना परत पाठवण्यात आले. मधली वर्षे त्यांनी इतर ठिकाणी हत्यारे हाताळायला शिकण्यात घालवली आणि १९६९ मध्ये निशिओकांनी त्यांना स्वीकारले. म्हणजे जपानमध्ये जन्मलेल्या, भाषा जाणणाऱ्या तरुणालाही आधी हात तयार करून यावे लागले. मंदिराचे काम करणारी कार्यशाळा हा चालता व्यवसाय असतो आणि अगदी नवख्या माणसाला शिकवत बसण्यासाठी तेथे कोणाकडे वेळ नसतो. परदेशी विद्यार्थ्याच्या बाबतीत भाषेची आणि परवान्याची अडचण त्यात आणखी वाढते.

पुढे १९७७ मध्ये ओगावांनी इकारुगा-कोशा ही स्वतःची कार्यशाळा सुरू केली. तेथे शिष्य एकत्र राहतात, शिक्षण साधारण दहा वर्षांचे धरले जाते आणि नवीन आलेल्याकडे स्वयंपाक व झाडलोट असते. काही वाचकांना ही पिळवणूक वाटते. मला तसे वाटत नाही. वेळेवर, आहे त्या सामानात, सर्वांना पुरेल असा स्वयंपाक करणाऱ्याची कामाची आखणी कशी आहे हे लगेच दिसते, आणि झाडताना कोणत्या सुताराच्या रंध्याखाली कसली सालपटे पडली आहेत, हे रोज डोळ्यांखालून जाते. अर्थात हे आयुष्य सर्वांना मानवेलच असे नाही, आणि न मानवणे यात कमीपणाही नाही.

शाळांपैकी तीन ठिकाणांची चौकशी अवश्य करावी. क्योतो प्रीफेक्चरमधील नानतान येथील क्योतो पारंपरिक हस्तकला महाविद्यालयात लाकूडकामाचा स्वतंत्र विभाग आहे. तोयामा येथील शोकुगेई गाकुइन येथे इमारतीचे सुतारकाम आणि बागकाम शेजारी-शेजारी शिकवले जाते. मिनो शहरातील गिफू प्रीफेक्चरची वनसंस्कृती अकादमी झाडापासून इमारतीपर्यंतचा विचार एकत्र करते. अर्ज करण्यापूर्वी संबंधित अभ्यासक्रमाला विद्यार्थी परवान्यावर परदेशी नागरिक घेतले जातात का, आणि भाषेची अट काय आहे, हे लेखी विचारून घ्यावे.

वास्तुकलेची पदवी वाया जाणार नाही. मंदिराच्या छपराच्या वळचणीची वक्ररेषा ठरवताना जमिनीवर खऱ्या मापाचे रेखाटन करतात आणि त्यावरून पातळ फळ्यांचे साचे कापतात. कागदावरील रेषेचे घनरूप मनात उभे करण्याची सवय असलेल्या माणसाला त्या रेखाटनापाशी फार लवकर गती येते.

प्रश्न: विद्यार्थी म्हणून राहताना कोणता व्हिसा लागतो, आणि शिकता शिकता पैसे मिळवता येतात का?

उत्तर: मान्यताप्राप्त शाळेत प्रवेश मिळाल्यास विद्यार्थी दर्जाचा परवाना मिळतो. त्यासाठी शाळा जपानमधील इमिग्रेशन कार्यालयाकडून पात्रतेचे प्रमाणपत्र काढते आणि ते दाखवून आपण दूतावासात व्हिसाचा अर्ज करतो. शुल्क आणि राहण्याचा खर्च पेलण्याइतकी तजवीज असल्याचे कागद आधीच द्यावे लागतात. वेगळी परवानगी घेतल्यास आठवड्याला २८ तासांपर्यंत आणि शाळेच्या दीर्घ सुट्टीत दिवसाला आठ तासांपर्यंत काम करता येते. त्या कमाईवर शिक्षणाचा सगळा खर्च भागेल असे धरून निघू नये. संध्याकाळी चार तास दुकानात उभे राहून आलेला विद्यार्थी रात्री पाती घासायला बसत नाही, आणि खरे शिक्षण त्याच वेळी व्हायचे असते.

एखाद्या कारागिराने स्वतःहून शिकवण्याचे मान्य केले असेल, तर सांस्कृतिक उपक्रमांसाठीचा वेगळा दर्जा आहे. जपानी कला तज्ज्ञाच्या मार्गदर्शनाखाली शिकणाऱ्यांसाठी तो दिला जातो. मात्र त्यात मोबदला घेण्याची मुभा नसते, त्यामुळे बचत किंवा शिष्यवृत्ती हाताशी हवी. शिकवणाऱ्याची पात्रता आणि शिक्षणाचा आराखडाही कागदोपत्री दाखवावा लागतो. वृद्ध कारागिराला हे कागद तयार करणे जड जाते, म्हणून जपानी भाषेत त्यांचा मसुदा करून देणारे कोणीतरी आधी शोधावे.

जपान सरकारच्या शिष्यवृत्तीत विशेष प्रशिक्षण महाविद्यालयांसाठी स्वतंत्र गट आहे. तिचा निर्वाहभत्ता दरमहा सुमारे १,१७,००० येन असून शुल्काची सोयही त्यात होते. अर्ज दूतावासामार्फत होतो आणि वयाची अट कडक असते. वर्किंग हॉलिडेच्या परवान्याविषयी अनेकांनी विचारले आहे. भारतीय नागरिकांना ती सोय उपलब्ध नाही. २०१९ पासून सुरू झालेल्या विशिष्ट-कौशल्य परवान्यात बांधकामक्षेत्र येते, पण तो नोकरीचा परवाना आहे. आजच्या घरबांधणीत बहुतेक तुळया व खांब कारखान्यात यंत्रावर कापून येतात आणि जागेवर फक्त जुळवले जातात. तेथे उत्तम पगारी काम मिळेल, पण हाताने सांधा आखण्याची वेळ क्वचितच येईल.

प्रश्न: जपानी भाषा किती यायला हवी? हाताचे काम पाहून शिकता येते, मग भाषेसाठी दोन वर्षे का घालवावीत?

उत्तर: पाहून शिकता येते हे खरे, पण कुठे पाहायचे हे सांगणारे वाक्य जपानीतच येते. शाळेतील व्याख्याने, लाकडाच्या गुणधर्मांची चाचणी आणि यंत्रांच्या सुरक्षिततेचे नियम समजण्यासाठी जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची एन-२ पातळी (एन-५ सर्वांत सोपी, एन-१ सर्वांत अवघड) असावी, असे माझे मत आहे. एन-३ वर निभावून नेणारे विद्यार्थी असतात, पण पहिले वर्ष त्यांना फार जड जाते.

शिवाय सुतारकामाला स्वतःची अशी लिपी आहे, ती भाषेच्या वर्गात शिकवत नाहीत. इमारतीच्या आराखड्यावर एका दिशेने इ, रो, हा, नि अशी अक्षरे आणि दुसऱ्या दिशेने एक, दोन, तीन असे आकडे घालतात, आणि प्रत्येक खांबाच्या टोकावर त्या दोहोंचा छेद शाईने लिहितात. अक्षरांचा हा क्रम जुन्या इरोहा कवितेचा आहे, आजच्या वर्णमालेचा नाही. तो पाठ नसेल तर कोणता खांब कुठे उभा करायचा हे कळत नाही. मापेही शाकु, सुन आणि बु यांत सांगतात. एक शाकु म्हणजे सुमारे ३०.३ सेंटिमीटर, त्याचा दहावा भाग सुन आणि सुनचा दहावा भाग बु. शाळेत मिलिमीटर चालतात, पण जुन्या इमारतीच्या दुरुस्तीत सगळी प्रमाणे शाकुत बांधलेली असतात आणि मिलिमीटरमध्ये ती विचित्र अपूर्णांकांत दिसतात.

साशिगाने नावाचा त्यांचा पोलादी गुण्या आवर्जून हाताळून पाहावा. त्याच्या एका बाजूला नेहमीचे माप असते आणि दुसऱ्या बाजूला तेच माप दोनच्या वर्गमुळाने, म्हणजे १.४१४ पटीने, मोठे करून कोरलेले असते. गोल ओंडक्याचा व्यास या मागच्या बाजूने मोजला की येणारा आकडा म्हणजे त्या ओंडक्यातून निघणाऱ्या सर्वांत मोठ्या चौरस खांबाची बाजू. कागद नाही, गुणाकार नाही. छपरांचे तिरके वासेही याच गुण्याने आखतात, आणि ते गणित समजावून सांगितले जाते तेव्हा भाषा कच्ची असणारा विद्यार्थी पहिल्या पाच मिनिटांतच मागे पडतो.

प्रश्न: जाण्यापूर्वी सराव व्हावा म्हणून मी एक जपानी रंधा मागवला. पाते चकचकीत आहे, पण लाकडावर ओढला की कधी अडकतो, कधी नुसताच घसरतो. रंधा सदोष आहे का?

उत्तर: बहुधा नाही. जपानी रंधा, म्हणजे कान्ना, विकत आणला तेव्हा अर्धाच तयार असतो. उरलेला अर्धा वापरणाऱ्याने तयार करायचा असतो. तुमचा प्रश्न मला या पत्रांत सर्वांत मोलाचा वाटला, कारण शाळेचे पहिले काही महिने नेमक्या याच कामात जातात.

पात्यापासून सुरुवात करा. ते दोन थरांचे असते: धारेकडे कठीण पोलादाचा पातळ थर आणि त्याला तापवून-ठोकून जोडलेले मऊ लोखंड. पोलादाच्या बाजूला मधोमध उथळ खोलगट भाग मुद्दाम ठेवलेला असतो, त्यामुळे दगडावर ती बाजू सपाट करताना फक्त कडा घासल्या जातात. धारेलगत चकाकणारी सपाट पट्टी सलग, पण अगदी अरुंद असावी. पाते झिजत जाते तशी ही पट्टी नाहीशी होते. मग मऊ लोखंडाच्या उतारावर लहान हातोडीने हलके ठोके देऊन पोलाद किंचित पुढे आणतात आणि पुन्हा सपाट करतात. ठोका चुकून पोलादावर बसला तर धारेला तडा जातो, म्हणून हे काम पहिल्यांदा कोणाच्या तरी देखरेखीखालीच करावे.

धार लावण्यासाठी सुमारे १००० चा मधला आणि ६००० ते ८००० चा बारीक असे दोन कृत्रिम दगड पुरेत; आकडा जितका मोठा तितके दगडाचे कण बारीक. क्योतो परिसरातील नैसर्गिक दगडांची कीर्ती मोठी आहे आणि ती रास्तही आहे, पण नवशिक्याने त्यांवर पैसे घालू नयेत. दगडच सपाट नसेल तर पाते कधीच सरळ होत नाही, म्हणून प्रत्येक वेळी दगड आधी सपाट करून घ्यावा. मधल्या दगडावर घासताना धारेच्या मागे संपूर्ण रुंदीभर बोटाला बर, म्हणजे घासल्याने वळलेली धातूची बारीक कड, जाणवेपर्यंत पुढच्या दगडाकडे वळू नका. बहुतेकांची घाई इथेच होते.

आता लाकडी ठोकळा. तो ओकचा असतो आणि हवेतील दमटपणाबरोबर वाकतो, त्यामुळे नवीन हवामानात आलेला रंधा पहिल्या दिवशी नीट चालावा ही अपेक्षा चुकीची आहे. पाते पाचरीशिवाय, ठोकळ्याच्या दोन्ही बाजूंच्या खाचांत दाबून बसते. ते फार घट्ट असल्यास पात्याच्या पाठीला पेन्सिल किंवा शाई लावून आत बसवावे, बाहेर काढावे आणि लाकडावर जेथे डाग उमटला असेल तेवढेच पटाशीने हलके खरवडावे. हे पुन्हा पुन्हा करावे लागते. एकदाच जास्त खरवडले की पाते कायमचे सैल होते.

तळ दिसायला सपाट असला तरी संपूर्ण तळ लाकडाला टेकता कामा नये. शेवटचा हात फिरवण्याच्या रंध्यात तळ दोनच ठिकाणी टेकवतात: ओढण्याच्या दिशेकडचे टोक आणि पात्याच्या तोंडासमोरची कड. मधला भाग आणि पात्यामागचा भाग केसभर खाली घेतात. सरळ पट्टी तळावर उभी धरून उजेडाकडे पाहिले की कोठे फट आहे ते दिसते. तुमचा रंधा घसरतो याचे कारण पात्यामागचा भाग फुगला असावा, आणि अडकतो याचे कारण पाते प्रमाणाबाहेर पुढे आले असावे. पाते पुढे आणण्यासाठी त्याच्या डोक्यावर हलका ठोका द्यावा आणि मागे घेण्यासाठी ठोकळ्याच्या मागच्या कडेवर, डावीकडे व उजवीकडे आळीपाळीने ठोकावे.

ओगावांना निशिओकांनी सुरुवातीच्या काळात एक वर्षभर वर्तमानपत्र, रेडिओ, दूरदर्शन बाजूला ठेवून फक्त धार लावायला सांगितले होते, आणि नमुना म्हणून स्वतः काढलेले एकच सालपट हाती दिले होते. ओगावांनी ते खिडकीच्या काचेवर चिकटवले आणि आपले सालपट तसे निघेपर्यंत दोन्ही ताडून पाहत राहिले. तुम्हीही असा नमुना समोर ठेवू शकता. हिनोकी, म्हणजे मंदिरांसाठी वापरले जाणारे जपानी सायप्रसचे लाकूड, मिळाले नाही तरी कोणत्याही मऊ, सरळ रेषांच्या लाकडावर, फळीच्या टोकापासून टोकापर्यंत अखंड आणि सर्वत्र सारख्या जाडीचे सालपट निघू लागले, की तुमची तयारी शाळेतील नवागतांपेक्षा बरीच पुढे गेलेली असेल. जपानमधील रंधा-स्पर्धांत दहा मायक्रॉनपेक्षाही पातळ सालपटे काढतात. तो मार्ग निराळा आहे. तुम्हाला सध्या पातळपणापेक्षा सारखेपणा हवा आहे.

प्रश्न: मी डावखुरा आहे. अडचण येईल का?

उत्तर: करवत, पटाशी आणि रंधा डाव्या हाताने चालतात. एकाच बाजूने उतार असलेल्या आखणीच्या सुऱ्या मात्र डाव्या हाताच्या वेगळ्या घ्याव्यात; त्या मिळतात. शिक्षकाच्या शेजारी बसण्याऐवजी समोर बसून पाहिल्यास त्याच्या हालचाली आपोआप आरशातल्यासारख्या उमगतात.

प्रश्न: माझे वय ३६ आहे, घरच्या जबाबदाऱ्या आहेत आणि जपानमध्ये दोन-तीन आठवड्यांहून जास्त राहणे शक्य नाही. तेवढ्यात काही पदरात पडेल का?

उत्तर: पडेल, पण शिकण्यापेक्षा पाहण्यासाठी जा. कोबे येथील ताकेनाका सुतारकाम हत्यार संग्रहालयाला दोन पूर्ण दिवस द्यावेत. १९८४ मध्ये स्थापन झालेले हे संग्रहालय २०१४ पासून शिन-कोबे स्थानकाजवळील नव्या इमारतीत आहे. हत्यारे कालक्रमाने मांडलेली असल्यामुळे उभ्या करवतीची आणि ठोकळ्याच्या रंध्याची सोय होण्यापूर्वी ओंडके पाचरींनी फोडून, वाकसाने तासून आणि भाल्याच्या पात्यासारख्या यारिगान्नाने गुळगुळीत करून इमारती कशा उभ्या राहिल्या, हे तेथे ध्यानात येते.

ते पाहिल्यावर होर्यू-जीला जा आणि खांबांच्या पृष्ठभागाकडे तिरक्या उजेडात पाहा. यारिगान्नाच्या उथळ, लांबट खुणा हातांनी केलेल्या कामातच दिसतात. मनोऱ्याचा मधला खांब ज्या हिनोकीचा आहे, ते झाड ५९४ मध्ये तोडले गेल्याचे वार्षिक वलयांवरून निश्चित झाले आहे. डोंगराच्या दक्षिण उतारावर वाढलेले झाड इमारतीच्या दक्षिणेला लावावे, अशी शिकवण निशिओकांच्या घराण्यात तोंडी चालत आलेली होती. दक्षिणेकडील खांबांवरच्या गाठी मोजून पाहिल्या तर तिचा अर्थ कळतो, कारण उन्हाच्या बाजूला फांद्या जास्त फुटतात. उरलेले दिवस पूर्वीच्या हिदा प्रांतातील ताकायामात घालवावेत. आठव्या शतकात या प्रांताकडून कराच्या बदल्यात राजधानीसाठी सुतार मागवले जात, आणि त्या प्रदेशात लाकूडकामाचा व्यवसाय आजही जोमात आहे.

प्रश्न: तीन-चार वर्षे शिकल्यानंतर जपानमध्येच काम मिळेल का? तेथे सुतारांची टंचाई असल्याचे वाचले.

उत्तर: टंचाई खरी आहे. जपानच्या जनगणनेत १९८० मध्ये नऊ लाखांहून अधिक सुतार होते, २०२० मध्ये ही संख्या तीन लाखांच्या आत आली, आणि उरलेल्यांत वयस्करांचा भरणा मोठा आहे. लाकडी वास्तूंच्या जतनाशी निगडित सतरा पारंपरिक कौशल्यांना युनेस्कोने २०२० मध्ये अमूर्त वारशाच्या यादीत घेतले. इसे येथील देवस्थान दर वीस वर्षांनी नव्याने बांधले जाते. मागचे बांधकाम २०१३ मध्ये पूर्ण झाले आणि २०३३ च्या बांधकामासाठी झाडे तोडण्याचे विधी २०२५ मध्ये झाले. कामे आहेत, हात कमी आहेत.

तरीही परवान्याचे नियम हाताच्या या कामाला अनुकूल नाहीत. पदवीधरांना मिळणारा नेहमीचा नोकरीचा परवाना कार्यालयीन व तांत्रिक कामांसाठी असतो. कुशल कारागिरांसाठीचा परवाना प्रामुख्याने परदेशी पद्धतीचे कसब जपानमध्ये आणणाऱ्यांसाठी आहे. जपानी सुतारकाम शिकलेल्या परदेशी व्यक्तीला त्यात जागा सापडत नाही. तुमच्याकडे वास्तुकलेची किंवा अभियांत्रिकीची पदवी असेल, तर जतनाच्या कामाची मोजणी, रेखाटन आणि आखणी करणाऱ्या कार्यालयातून वाट निघू शकते, आणि अशा कार्यालयात हाताने सांधा कापता येणारा माणूस नक्कीच हवासा असतो. ती पदवी नसल्यास विशिष्ट-कौशल्य परवान्यावर बांधकामात शिरून तेथून दुरुस्तीच्या कामांकडे सरकण्याचा लांबचा मार्ग उरतो.

आणखी एक क्षेत्र पाहून ठेवावे, ते म्हणजे नावा बांधणाऱ्यांचे. डग्लस ब्रूक्स हे अमेरिकन कारागीर १९९० च्या दशकापासून जपानच्या निरनिराळ्या किनाऱ्यांवरील वृद्ध नावबांधणीकारांकडे एकेक नाव बांधण्यापुरते शिकत गेले आणि प्रत्येक नावेची मापे त्यांनी नोंदवून ठेवली. त्यांच्या गुरूंपैकी अनेकांना दुसरा शिष्यच नव्हता. एक काम, काही महिने, मग परत, ही पद्धत सांस्कृतिक परवान्याच्या चौकटीत बसते आणि दहा वर्षे देता न येणाऱ्याला ती झेपतेही.

शाळेत शुल्क भरण्यापूर्वी एक पत्र अवश्य लिहावे. मागील पाच वर्षांत शिकून गेलेले परदेशी विद्यार्थी आज कोणत्या परवान्यावर, कोणते काम करत आहेत, असे त्यात विचारावे आणि त्यांपैकी एक-दोघांशी संपर्क करून देण्याची विनंती करावी. चांगली शाळा या पत्राला सविस्तर उत्तर देते.